'डेथ'ची सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज : चाहत्यांमध्ये दोन तट का?
डेथ मेटलचा जनक म्हणून नाव घेतलं जातं तो चक शुल्डिनर १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मला, फ्लोरिडात वाढला. तो नऊ वर्षांचा असताना मोठा भाऊ गेला. मुलगा सावरावा म्हणून आईवडिलांनी गिटार आणून दिली.

१९८४ मध्ये 'मँटास' या बँडसोबत त्याने 'डेथ बाय मेटल' हा डेमो केला. आवाज खरखरीत, पण कॅसेटवरून कॅसेट भरत, टपालाने तो दूरवर पोहोचला. बँडचं नाव 'डेथ' झालं. १९८७ च्या 'स्क्रीम ब्लडी गोर' या पहिल्या अल्बममध्ये ड्रम क्रिस रायफर्टचे. गिटार, बेस आणि गायन एकट्या चकचं.

वाद इथेच आहे. काहींना हा कच्चेपणाच अस्सल वाटतो. इतरांच्या मते भयपटांच्या थाटाची ही गाणी म्हणजे नुसती उमेदवारी. खरा चक १९९१ च्या 'ह्यूमन'पासून, संगीत गुंतागुंतीचं झाल्यावर दिसतो. चकने मात्र ही गाणी टाकून दिली नव्हती. १९९८ मध्ये लॉस एंजेलिसच्या मैफलीतही त्याने पहिल्या अल्बममधलं 'झॉम्बी रिच्युअल' वाजवलं.

१९९९ मध्ये त्याच्या मेंदूत गाठ निघाली. उपचारांचा खर्च मोठा होता. पैसे उभे करण्यासाठी २००१ मध्ये त्याच मैफलीचं रेकॉर्डिंग विक्रीला आलं. त्या वर्षी १३ डिसेंबरला, ३४ व्या वर्षी, चक गेला.