मक्याच्या शेतातला क्रांतिकारक

दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या कालव्यालगत आणि शिरूर तालुक्यात घोड व चासकमानच्या पाण्यावर उसाच्या फडांना लागून हमखास दिसणारे दुसरे पीक म्हणजे मका. हा मका माणसांनी खाण्यासाठी क्वचितच असतो. दाणे चिकात असतानाच तो कापला जातो, कुट्टी करून खड्ड्यात किंवा पिशव्यांत दाबून भरला जातो आणि दीड-दोन महिन्यांनी मुरघास म्हणून गोठ्यातल्या संकरित गाईंपुढे येतो. वाळलेला दाणा कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्याची वाट धरतो. पुण्याच्या घरोघरी सकाळी येणाऱ्या दुधाच्या पिशवीमागे आणि अंड्यामागे हा मका असतो. शहरातल्या ग्राहकाला त्याचे दर्शन होते ते फक्त पावसाळ्यात, भाजलेल्या कणसाच्या रूपाने.

मका मूळचा आपला नव्हे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी 'तेओसिंते' नावाच्या एका रानगवतातून तो घडविला. त्या गवताच्या कणसाला मोजके, दगडासारखे कठीण दाणे असतात. त्यापासून आजचे भरगच्च कणीस तयार व्हायला माणसांच्या शेकडो पिढ्यांची निवड कारणी लागली. याच मेक्सिकोत, त्याच रानगवताशी मक्याचा पुन्हा संकर घडविण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक मराठी माणूस धडपडत होता. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे 'जीएम' अन्नाविषयी आपल्याकडे जेव्हा जेव्हा वाद पेटतो, तेव्हा या माणसाची आठवण व्हायला हवी. ती सहसा होत नाही.

खानखोजे यांचा जन्म नोव्हेंबर १८८४ मध्ये वर्ध्याचा. वडील अर्जनवीस होते. प्राथमिक शिक्षण वर्ध्यात आणि पुढचे नागपुरात झाले. त्यांच्या शाळकरी वयातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांतावरून गेले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारावलेल्या या मुलाच्या डोक्यात दोन विचारांनी एकाच वेळी घर केले: इंग्रजांशी सशस्त्र लढा आणि भुकेशी लढा. पुढे आयुष्यभर हे दोन्ही विचार त्यांच्याबरोबर राहिले. एक मागे पडला की दुसरा पुढे येई.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी देश सोडला आणि ते अमेरिकेत पोचले. कॅलिफोर्नियात सॅन राफेल येथील तमालपैस लष्करी अकादमीत त्यांनी युद्धशास्त्राचे धडे घेतले. दुसरीकडे ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतीचा अभ्यास चालू ठेवला आणि १९१३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजची पदवी मिळविली. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लाकूड-गिरण्यांत राबणारे पंजाबी मजूर हा या चळवळीचा कणा होता. त्या शिखांच्या मेळ्यात वर्ध्याचा हा तरुण सहज मिसळून गेला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांच्या समितीशी जोडून घेऊन ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. तिथल्या टोळ्यांच्या साह्याने ब्रिटिशांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. हा भाग एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. युद्ध हरल्यावर ते बर्लिनला परतले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासह मॉस्कोलाही जाऊन आले. मायदेशाचे दार मात्र बंदच होते, कारण ब्रिटिशांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले. हा देश नुकताच दहा वर्षांच्या यादवीतून बाहेर पडला होता. जमीन कसणाऱ्याची असली पाहिजे, या मागणीसाठी तिथल्या शेतकऱ्यांनी रक्त सांडले होते. त्यांचा नेता एमिलियानो झपाटा याची १९१९ मध्ये हत्या झाली होती. मोठमोठ्या जमीनदाऱ्या फोडून गावांना जमिनी मिळू लागल्या होत्या. पण त्या पिकवायच्या कशा, हे सांगणारे कोणी नव्हते. क्रांतिकारक आणि कृषितज्ज्ञ असा दुहेरी पेशा असलेल्या माणसासाठी याहून योग्य जागा कोणती असणार? मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले.

तिथे त्यांनी गव्हावर काम केले, डाळींवर केले. पण जीव जडला तो मक्यावर. मेक्सिकन माणसाचे मक्याशी असलेले नाते मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. चुनखडीच्या पाण्यात शिजवलेला मका वाटून थापलेली 'तोर्तिया' म्हणजे तिथली भाकरीच. भाकरी पुरेशी मिळायची असेल तर दुष्काळाला आणि थंडीच्या कडाक्याला टिकणारा, जास्त पीक देणारा वाण हवा. मक्याची ही काटकपणाची पुंजी त्याच्या रानटी नातेवाइकाकडे, तेओसिंतेकडे शिल्लक होती. खानखोजे यांनी शेतातल्या मक्याचा आणि रानगवताचा संकर करून निवडीच्या अनेक फेऱ्या चालविल्या. त्यांनी 'ग्रानादा' या नावाने प्रसिद्ध केलेला मका याच कामाचे फळ होते.

इथे थोडे थांबले पाहिजे. संकर म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या स्त्रीकेसरावर टाकणे. त्यात दोन्ही झाडांची हजारो जनुके पत्त्यांसारखी पिसली जातात आणि हवी ती पाने हाती लागेपर्यंत वर्षानुवर्षे डाव मांडावा लागतो. अट एकच, झाडे नात्यातली असली पाहिजेत. जीएम तंत्राने ही नात्याची अट काढून टाकली. 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या मातीतल्या जिवाणूचे एक जनुक मक्यात घातले की ताटाच्या पेशीच अळीला मारक असे प्रथिन तयार करू लागतात. अमेरिकेत असा बीटी मका १९९६ पासून पिकतो. त्याचे लाभ खोटे नाहीत. फवारण्या घटल्या, अळीने पोखरलेल्या कणसात वाढणाऱ्या बुरशीची विषद्रव्येही कमी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. बाजारातील जीएम अन्न खाल्ल्याने माणसाला इतर अन्नापेक्षा अधिक अपाय होतो याचा ठोस पुरावा सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मात्र तेवढ्यावर फाइल बंद करता येत नाही. २००० मध्ये अमेरिकेत 'स्टारलिंक' मक्याचे प्रकरण घडले. ॲलर्जीच्या शंकेमुळे हा वाण फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर झाला होता; तो माणसांच्या टाको शेल्समध्ये सापडला आणि शेकडो उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. गोदामात, मालगाडीत आणि गिरणीत दोन मके वेगळे ठेवणे कागदावर सोपे असते, हा त्यातून मिळालेला धडा. दुसरा धडा किड्यांनी दिला. प्वेर्तो रिकोत २००६ मध्येच लष्करी अळी बीटी मक्याला पुरून उरू लागली. हीच अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात अवतरली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पसरली. मक्याच्या पोंग्यात बसून पाने कुरतडणाऱ्या या अळीने दूध उत्पादकांच्या चाऱ्यावरच घाला घातला आणि बीटी मका आपल्याकडेही यावा, ही मागणी तेव्हापासून जोर धरू लागली. भारतात जीएम मक्याच्या व्यापारी लागवडीला मंजुरी मिळालेली नाही.

पुन्हा खानखोजे यांच्याकडे वळू. त्यांचे मोठेपण केवळ वाण काढण्यात नव्हते. चापिंगोच्या परिसरातील खेड्यांत त्यांनी मोफत कृषिशाळा काढल्या. एका शाळेला झपाटाचे नाव दिले गेले. नवे बियाणे, ते निवडण्याची आणि राखण्याची रीत, दोन्ही शेतकऱ्याच्या हाती विनामूल्य जावे हा त्यामागचा हेतू. बियाणे ज्याच्या कोठारात, शेती त्याच्या मुठीत, हे दुष्काळी मुलखात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. ज्या शिरूर तालुक्याच्या मक्यापासून आपण सुरुवात केली, त्याच तालुक्यातील करडे गावाने खानखोजे यांच्या जन्माच्या दहा वर्षे आधी, डिसेंबर १८७४ मध्ये कालूराम नावाच्या सावकारावर बहिष्कार टाकला होता. पुढच्या मे महिन्यात त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि सावकारांचे रोखे जळाले. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदविले गेलेले ते हेच.

आज सावकाराच्या जागी बियाणे कंपनी बसविणे हा सोपा आणि थोडा अन्यायकारक हिशेब होईल. संकरित मक्याची पिशवी शिरूर-दौंडचा शेतकरी दर हंगामाला राजीखुशीने विकत घेतोच. भारतातील २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने त्याला घरचे बियाणे राखण्याचा आणि विनाछाप विकण्याचा हक्कही दिला आहे. तरीही जनुकावर स्वामित्व सांगणारा वाण आणि गावच्या शाळेत फुकट मिळणारा वाण यांत फरक आहेच. जीएमच्या वादात आरोग्याचा प्रश्न जितक्या आवाजात विचारला जातो, तितक्याच आवाजात मालकीचाही विचारला गेला पाहिजे.

त्या वर्षांत प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा चापिंगोच्या चॅपेलच्या भिंती रंगवीत होता. खानखोजे यांचे काम त्याने जवळून पाहिले. १९२८ मध्ये मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत त्याने काढलेल्या, 'आमची भाकर' असा अर्थ होणाऱ्या शीर्षकाच्या भित्तिचित्रात मेजाच्या मुख्य जागी बसून पाव मोडणारी व्यक्ती खानखोजे यांची आहे. छायाचित्रकार टीना मोदोत्ती हिने त्यांच्या मक्याची आणि शाळांची छायाचित्रे टिपली. १९३६ मध्ये जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन कन्या. सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत लिहिलेल्या चरित्रांमुळे हे विस्मरणात गेलेले आयुष्य वाचकांपुढे आले.

खानखोजे ज्या मातीत राबले, तिथे पुढे मक्यावरून मोठे रण माजले. ज्या देशात एखाद्या पिकाचा जन्म झाला, तिथे त्याचे रानटी आप्त आणि शेकडो गावरान वाण बांधाबांधावर नांदत असतात. वाऱ्यावर उडणाऱ्या परागाला कुंपण नसते. म्हणून मेक्सिकोने १९९८ मध्ये जीएम मक्याच्या लागवडीला स्थगिती दिली. तरीही २००१ मध्ये ओआहाका प्रांतातील गावरान मक्यात परके जनुक आढळल्याचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये छापून आला. त्याच्या पद्धतीवर टीका झाली आणि पुढच्याच वर्षी नियतकालिकाने त्यातील पुरावा पुरेसा नसल्याचे जाहीर केले. पुढे २००९ च्या एका अभ्यासात मात्र तिथल्या काही मक्यांत अशी जनुके पुन्हा सापडली. २०१३ पासून न्यायालयाने लागवड रोखली. मानवी आहारातून जीएम मका हटविण्याचा सरकारी आदेश डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापार लवादात टिकला नाही. तेव्हा मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने थेट राज्यघटनेत दुरुस्ती करून जीएम मक्याच्या लागवडीवर बंदी घातली.

आपल्याकडे असाच पेच वांग्यावरून पडला. वांग्याच्या वैविध्याचे माहेरघर भारत. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशात तेच वांगे २०१४ पासून पिकते आहे. आपल्या ताटात जीएम नाही, अशी समजूत मात्र शहरी वाचकाने करून घेऊ नये. देशातला बहुतेक कापूस २००२ नंतर बीटी झाला. त्याच्या सरकीचे तेल खाद्यतेलात जाते आणि सरकीची पेंड शिरूर-दौंडच्या गोठ्यांत मुरघासाबरोबर घमेल्यात पडते. ऑगस्ट २०२१ मध्ये कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्राने जीएम सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली होती. जे दारातून नाकारले ते खिडकीतून केव्हाच आत आले आहे. त्याची मोजदाद आणि दीर्घकालीन तपासणी कोण करते, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे यांना मायदेशाची ओढ लागली. १९४९ मध्ये, नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या निमंत्रणावरून ते आले. इंग्रजांच्या काळ्या यादीतले नाव स्वतंत्र भारताच्या दप्तरातही तसेच राहिले होते. ज्या सत्तेविरुद्ध ते लढले ती गेली, तिची यादी मात्र राहिली! पुढे ते सहकुटुंब नागपुरात स्थायिक झाले. मेक्सिकोत भिंतीवर चितारला गेलेला हा माणूस नागपूरच्या रस्त्यांवरून अनोळखी म्हणून वावरला. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

ते वर्ष टंचाईचे होते. रेशनच्या दुकानांवर अमेरिकेतून आलेल्या धान्यासाठी रांगा लागत होत्या. आणि उत्तर भारतात त्याच रब्बीत एक बुटका, भरघोस ओंबीचा गहू उभा होता. सरकारने १९६६ मध्ये त्याचे १८ हजार टन बियाणे आयात केले होते, मेक्सिकोतून. १९४४ मध्ये मेक्सिकोत दाखल झालेल्या नॉर्मन बोरलॉग यांनी ते वाण तयार केले होते. हरितक्रांतीच्या इतिहासात बोरलॉग यांचे नाव अग्रभागी आहे, ते योग्यच. त्यांच्या वीस वर्षे आधी त्याच देशात धान्याचे वाण सुधारायला बसलेल्या वर्ध्याच्या प्राध्यापकाचे नाव आपल्या कृषी अभ्यासक्रमांत शोधावे लागते.

चापिंगोच्या कृषी विद्यापीठात सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.