विश्लेषण : कंपनी बुडाली, विद्यापीठ टिकले! सिंगापूरचे रबरसम्राट तान काह की कोण होते?

सिंगापूरमधील एका मेट्रो स्थानकाला ‘तान काह की’ हे नाव आहे. किशोरवयात चीनमधून आलेल्या या उद्योजकाने रबराच्या धंद्यात अफाट पैसा मिळवला आणि त्यातील मोठा वाटा शाळांवर खर्च केला. त्यांची कंपनी त्यांच्या हयातीतच बंद पडली. तरीही हे नाव का टिकले?

सुरुवात कशी झाली?

तान यांचा जन्म १८७४ मध्ये फुजियान प्रांतातील शियामेनजवळच्या जिमेई येथे झाला. १८९० मध्ये ते वडिलांच्या तांदळाच्या व्यापारात हातभार लावण्यासाठी सिंगापूरला आले. पुढे वडिलांचा व्यवसाय कर्जात बुडाला. हे कर्ज फेडण्याचे कायदेशीर बंधन मुलावर नव्हते. तरीही तान यांनी ते शिरावर घेतले आणि काही वर्षांत फेडले. बाजारात त्यांची पत वाढली ती त्यामुळे.

रबराकडे कसे वळले?

१९०४ मध्ये त्यांनी अननस डबाबंद करण्याचा कारखाना काढला. दोन वर्षांनी अननसाच्या मळ्यातच रबराची लागवड केली. मोटारींमुळे रबराची मागणी वाढत होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात जहाज वाहतुकीतूनही त्यांना मोठा नफा झाला. केवळ कच्चे रबर न विकता त्यांनी बूट आणि टायर बनवायला सुरुवात केली. १९२३ मध्ये ‘नानयांग सियांग पाउ’ हे चिनी वृत्तपत्रही सुरू केले.

पैसा कुठे गेला?

१९१३ मध्ये त्यांनी जिमेईत प्राथमिक शाळा काढली. तिच्याभोवती पुढे शिक्षणसंस्थांचे संकुलच उभे राहिले. १९१९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सिंगापूरमध्ये चिनी माध्यमाचे हायस्कूल सुरू झाले. १९२१ मध्ये त्यांनी शियामेन विद्यापीठ स्थापन केले.

कंपनी का बुडाली?

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत रबराचे भाव कोसळले. बँकांच्या दबावामुळे १९३१ मध्ये व्यवसायाचे मर्यादित कंपनीत रूपांतर करावे लागले. या काळातही त्यांनी विद्यापीठाची मदत थांबवली नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हा सौदा आतबट्ट्याचा होता. १९३४ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. १९३७ मध्ये विद्यापीठ सरकारच्या हाती सोपवले गेले.

उत्तरायुष्य कसे गेले?

जपानने चीनवर आक्रमण केल्यावर तान यांनी आग्नेय आशियातील चिनी समाजाकडून मोठा मदतनिधी उभारला. त्यामुळे १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात जाताच त्यांना जावा बेटावर लपून राहावे लागले. १९५० मध्ये ते चीनला परतले. १९६१ मध्ये बीजिंगमध्ये त्यांचे निधन झाले. जिमेईतच त्यांचे दफन करण्यात आले.

कुटुंबाने वारसा कसा जपला?

त्यांचे जावई ली काँग चियान आधी सासऱ्यांच्याच कंपनीत होते. पुढे त्यांनी स्वतंत्र रबर व्यवसाय उभारला आणि मंदीतही तो तगवला. १९५२ मध्ये त्यांनी ‘ली फाउंडेशन’ स्थापन केले. १९५३ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी पावणेचार लाख डॉलरची देणगी दिली. ग्रंथालय सर्वांना मोफत खुले असावे आणि स्थानिक भाषांना त्यात स्थान मिळावे, हा त्यामागचा आग्रह होता. सासऱ्यांकडून आलेला खरा वारसा हाच. तान यांचा कारखाना पुढच्या पिढीकडे गेला नाही, पण मिळवलेल्या पैशाचे काय करायचे याची रीत मात्र गेली. शियामेन विद्यापीठही शंभरी ओलांडून आज दिमाखात उभे आहे.