फादर थॉमस स्टीफन्स : घर सोडून आलेला आपला माणूस



बाप्तिस्म्याचा दाखला हवा असला की आपण धर्मग्रामाच्या कचेरीत येतो. फादर जुनी नोंदवही काढतात, आईवडिलांचे नाव व तारीख पाहतात आणि दाखला लिहून देतात. दाखला मिळाला की आपण ती वही विसरतो. पण त्या वहीत आपल्या घराण्याचा इतिहास असतो. इंग्लंडमध्ये १५३८ साली राजाज्ञा निघाली की प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी. आजही तिकडचे लोक गावोगावच्या जुन्या चर्चच्या वह्यांत आपले पूर्वज शोधतात.

अशाच एका इंग्रजी धर्मग्रामातला एक मुलगा आपल्याकडे आला आणि परत गेलाच नाही. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर ते हेच. पुराणाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. आज त्यांच्या घराची आणि जीवनाची ओळख करून घेऊ.

विल्टशर परगण्यात क्लिफ पायपर्ड नावाचे गाव आहे. टेकडीच्या पायथ्याशी संत पेत्राचे जुने दगडी चर्च आहे. त्याच धर्मग्रामातील बुश्टन या वाडीत सुमारे १५४९ साली थॉमस यांचा जन्म झाला. वडिलांचे नावही थॉमसच. ते लंडनमध्ये व्यापार करीत. थॉमस दहा वर्षांचे होते तेव्हा, १५५९ साली, इंग्लंडमध्ये कायद्याने मिस्सा बंद झाली. चर्चच्या भिंती त्याच राहिल्या, घंटाही तीच राहिली, पण कॅथोलिक कुटुंबांना आपल्याच गावच्या चर्चमध्ये आपली उपासना करता येईना. कोणी गप्प बसले, कोणी दंड भरला, कोणी तुरुंगात गेले.

थॉमस यांचा एक जिवलग मित्र होता, थॉमस पाउंड. तो श्रीमंत घरचा होता. लोकांना संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स त्याचे नोकर बनून त्याच्याबरोबर हिंडत. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि येशूसंघात प्रवेश घ्यायचा असे ठरले होते. परंतु पाउंड पकडले गेले आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. पण मित्राला ते विसरले नाहीत. तुरुंगात असलेल्या पाउंड यांनाही संघात घ्यावे अशी विनंती त्यांनी वरिष्ठांना केली आणि ती मान्य झाली.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बन बंदरातून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. भारतात येऊन राहिलेले ते पहिले ज्ञात इंग्रज. पोहोचल्यावर सतरा दिवसांतच त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. वादळे, समुद्रावरचे पक्षी, हिरड्या सुजवणारा आजार, दीडशेहून अधिक आजारी माणसे आणि त्यातील सत्तावीस जणांचे मरण, हे सारे त्या पत्रात आहे. दूरदेशी गेलेला मुलगा घरी जसे लिहितो तसेच ते पत्र आहे. पुढे ते इंग्लंडमध्ये छापले गेले.

गोव्यातील साष्टी भागात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे सेवा केली. तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती, गावे दुखावली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे देह मिळवून आणण्याचे काम फादर स्टीफन्स यांनी केले. नंतर सत्तेने गावावर कठोर सूडही उगवला. या सर्वांत फादर स्टीफन्स लोकांची भाषा शिकत राहिले. त्याच वर्षी भाऊ रिचर्ड यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले की, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे.

नव्या ख्रिस्ती लोकांची एक अडचण होती. पूर्वीची पुराणे सुटली, पण त्यांच्या जागी वाचायला-गायला काही आले नाही. प्रश्नोत्तरे पाठ करून मन भरत नव्हते. म्हणून फादरांनी जुना व नवा करार ओवीत रचला. सुमारे अकरा हजार ओव्या! शेजारच्या पैठणला संत एकनाथ होऊन गेले ते याच काळात. आपल्या जिल्ह्यातील जांब गावी जन्मलेले समर्थ रामदास हे पुराण छापले गेले तेव्हा, म्हणजे १६१६ साली, आठ वर्षांचे होते. ज्या ओवीत आपल्या मराठवाड्याचे संत बोलले, त्याच ओवीत विल्टशरच्या या पुत्राने प्रभूचे चरित्र सांगितले.

देवनागरी खिळे पाडण्याची परवानगी त्यांनी १६०८ साली मागितली होती, पण पुराण शेवटी रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६१९ साली गोव्यात त्यांचे निधन झाले. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ सालीही आवृत्त्या निघाल्या, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. मग पुराण वाचले कसे? लोकांनी हाताने नकला केल्या, घरात जपल्या, मुलाबाळांना वाचून दाखवल्या. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत ते गायले जाई. त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे पुराण पुन्हा छापले गेले. एक देवनागरी हस्तलिखित तर लंडनमध्ये सापडले. ज्या शहरात वडील व्यापार करीत, तेथेच मुलाचे मराठी शब्द जपले गेले होते!

बंधुभगिनींनो, फादर स्टीफन्स यांना मूलबाळ नव्हते. जन्मगावचे चर्च दुरावले, घर दुरावले. तरी चारशे वर्षांनंतर आपण त्यांचे नाव घेतो, कारण साध्या कुटुंबांनी त्यांचे शब्द टाकून दिले नाहीत.

आपल्या घरांतही असे काही आहे. आजोबांनी श्रद्धा कशी स्वीकारली, कोणत्या गावाहून आपण आलो, आजी कोणती भजने म्हणत असे, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. या रविवारी मिस्सा झाल्यावर घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ थोडा वेळ बसू या. मुलांना वही-पेन घेऊन बसवू या. नावे, गावे, साल, जे आठवेल ते लिहून घेऊ या. चर्चच्या वहीत फक्त तारीख असते. त्यामागची गोष्ट जपणे आपल्या हातात आहे.