पहिल्या खुर्चीवरचा माणूस : अ‍ॅलन न्यूएल

अध्यक्षीय भाषण म्हणजे काय, हे मराठी माणसाला निराळे सांगावे लागत नाही. साहित्य संमेलनापासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत आपण ती ऐकत आलो आहोत. पूर्वसूरींचे स्मरण, संस्थेचा गौरव, निधीची चणचण आणि शेवटी भविष्याविषयीचा आशावाद, असा त्यांचा ठरलेला साचा असतो. ऑगस्ट १९८० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अमेरिकन संघटनेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष अ‍ॅलन न्यूएल यांच्यापुढेही हा सोपा मार्ग होता. तो त्यांनी नाकारला. आपले भाषण ही या विषयाच्या इतिहासातील एक किरकोळ घटना आहे, असे आरंभीच सांगून ते थेट शास्त्रीय प्रश्नाकडे वळले. या माणसाचे सारे आयुष्य त्या निवडीत सामावलेले आहे.

न्यूएल यांचा जन्म १९ मार्च १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. वडील स्टॅनफर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरणशास्त्राचे प्राध्यापक होते. उन्हाळे सिएरा नेवाडाच्या डोंगरांत जात आणि त्या मुलाला वनरक्षक व्हावेसे वाटे. पुढे नौदलात असताना, १९४६ साली बिकिनी बेटांवरील अणुस्फोटांनंतर किरणोत्सर्गाच्या फैलावाचे नकाशे करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि विज्ञानाची ओढ पक्की झाली. स्टॅनफर्डला त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली. तेथे जॉर्ज पोल्या हे गणितज्ञ त्यांना गुरू लाभले. उत्तर ठाऊक नसताना माणूस उत्तराकडे कसा सरकतो, हा पोल्यांचा आवडता विषय. शिष्याने तो जन्मभर सोडला नाही.

प्रिन्स्टनमध्ये गणिताचे एक वर्ष काढून १९५० मध्ये ते रँड या संशोधनसंस्थेत दाखल झाले. हवाई संरक्षण केंद्रातील माणसे रडारवरील माहिती कशी हाताळतात, याचा अभ्यास तेथे चालू होता. तेथेच १९५२ मध्ये हर्बर्ट सायमन यांची भेट झाली. दोन वर्षांनी ऑलिव्हर सेल्फ्रिज यांनी अक्षरे व आकृत्या ओळखणाऱ्या संगणक-कार्यक्रमाविषयी व्याख्यान दिले आणि न्यूएल यांना आपली दिशा गवसली. संगणक केवळ आकडेमोडीचे यंत्र नाही, तो चिन्हांवर काम करू शकतो, म्हणजे एका अर्थाने विचारही करू शकतो, हे त्यांना उमगले.

१९५५ मध्ये ते पिट्सबर्गला सायमन यांच्याजवळ आले. क्लिफ शॉ यांच्या साहाय्याने दोघांनी तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारा ‘लॉजिक थिअरिस्ट’ हा कार्यक्रम रचला. तो यंत्रावर चालण्यापूर्वी सायमन यांनी घरची मंडळी व विद्यार्थी यांच्या हाती एकेक पत्ता देऊन, कार्यक्रमाचा एकेक भाग त्यांच्याकडून करवून घेतला होता. व्हाइटहेड व रसेल यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’च्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ प्रमेये त्याने सिद्ध केली. १९७२ मध्ये मानवी समस्यापरिहारावरील या दोघांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९७५ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळून देण्यात आला.

तोवर या विषयाला एक आंतरराष्ट्रीय परिषद होती. १९६९ पासून ती दोन वर्षांतून एकदा भरे. परंतु अमेरिकेतील संशोधकांचे स्वतःचे असे घर नव्हते. मोजक्या विद्यापीठांतील प्रयोगशाळा आपापल्या मतांना घट्ट धरून होत्या आणि सरकारी निधीचा भरवसा नव्हता. ब्रिटनमध्ये १९७३ च्या लाइटहिल अहवालाने या संशोधनाचा आधार कसा काढून घेतला, हे सर्वांनी पाहिले होते. अशा वेळी १९७९ मध्ये ही संघटना स्थापन झाली. संस्थापकांत न्यूएल यांचे सहकारी, आंध्रात जन्मलेले राज रेड्डी हेही होते.

नव्या संस्थेपुढील खरे संकट विस्कळीतपणाचे होते. ज्ञान यंत्रात कसे मांडावे याविषयी संशोधकांची मते मागवणारी एक प्रश्नावली १९८० मध्ये प्रसिद्ध झाली होती. उत्तरांत एकवाक्यता अशी जवळजवळ नव्हतीच. न्यूएल यांनी नेमका हाच धागा उचलला. यंत्राकडे विद्युत्मंडलांच्या पातळीवरून पाहता येते, चिन्हांच्या पातळीवरूनही पाहता येते. त्यांच्यावर ज्ञानाची एक स्वतंत्र पातळी आहे, असे त्यांनी मांडले. शेजारी ढग दाटलेले पाहून छत्री घेऊन निघाला, तर ते समजण्यासाठी त्याचा मेंदू उघडावा लागत नाही. त्याला काय ठाऊक आहे आणि काय हवे आहे, एवढे कळले तरी पुरते. भांडणाऱ्या पक्षांना एकच उत्तर देण्याऐवजी त्यांनी सर्वांना एकत्र उभे राहता येईल अशी जागा दाखवली. ते भाषण आजही अभ्यासले जाते.

वर्षभरात त्यांनी खुर्ची सोडली. त्यांच्यानंतर एडवर्ड फायगेनबॉम, मग मार्व्हिन मिन्स्की, निल्स निल्सन आणि जॉन मॅकार्थी अध्यक्ष झाले. मिन्स्की व मॅकार्थी यांच्यात तर्कशास्त्राच्या उपयोगाविषयी खोल मतभेद होते, तरी दोघांनाही या पदावर स्थान मिळाले. संस्था एका प्रयोगशाळेची जहागीर झाली नाही. म्हणूनच पुढे तज्ज्ञ-प्रणालींच्या लाटेची भरती आली आणि ओसरली, तरी ती टिकली. २००७ मध्ये तिने नावातील ‘अमेरिकन’ हा शब्दही गाळला.

न्यूएल मात्र आपल्या मूळ प्रश्नाकडे परतले होते. जॉन लेअर्ड व पॉल रोझेनब्लूम यांच्यासह त्यांनी ‘सोअर’ ही प्रणाली उभारली आणि मनाविषयीच्या विखुरलेल्या सिद्धान्तांना एका सूत्रात गुंफण्याचा आग्रह धरणारा ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध केला. डिसेंबर १९९१ मध्ये, कर्करोगाने ग्रासलेले असताना, त्यांनी एका व्याख्यानात आपल्या कारकिर्दीतील आडवळणांचा मोकळेपणाने हिशेब मांडला. १९ जुलै १९९२ रोजी पिट्सबर्ग येथे, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले होते.

त्यांच्या नावाचा पुरस्कार आज संगणकशास्त्रातील विविध शाखांना, किंवा संगणकशास्त्र व अन्य विद्या यांना जोडणाऱ्या कार्यासाठी दिला जातो. ज्याने पहिल्या भाषणात दुभंगलेल्यांना एक प्रश्न दिला आणि वेळेवर खुर्ची रिकामी केली, त्याचे याहून उचित स्मारक सापडणे कठीण. संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने, मग ती शास्त्रज्ञांची असो वा गणेशोत्सवाची, या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.