भिंतीला घट्ट पकड देणारा संशोधक : आर्टुर फिशर

(२७ जानेवारी – स्मृतिदिन विशेष)

घराच्या भिंतीवर तसबीर, फळी वा पंखा बसवताना छिद्रात सरकवला जाणारा नायलॉनचा इवलासा तुकडा कारागिरांच्या बोलीत ‘गिट्टी’ म्हणून ओळखला जातो. या वस्तूला आजचे रूप देणारे जर्मन संशोधक म्हणजे आर्टुर फिशर.

३१ डिसेंबर १९१९ रोजी दक्षिण जर्मनीतील टुमलिंगेन या खेड्यात एका शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलाचे यंत्रवेड आईने ओळखले व जोपासले. शाळा सोडून त्यांनी श्टुटगार्ट येथे कुलूप व लोहकामाची उमेदवारी केली. वैमानिक होण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरी राहिली. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात यंत्रज्ञ म्हणून दाखल झाले. स्टालिनग्राडच्या वेढ्यातून ते अखेरच्या विमानांपैकी एका विमानाने बचावले. पुढे इटलीत पकडले जाऊन इंग्लंडमध्ये युद्धकैदी झाले आणि १९४६ मध्ये उद्ध्वस्त मायदेशी परतले.

१९४८ मध्ये त्यांनी स्वतःची छोटी कार्यशाळा सुरू केली. त्या काळी घरात छायाचित्र काढण्यासाठी पेटवल्या जाणाऱ्या झगमगत्या भुकटीमुळे आगीची भीती असे. आपल्या तान्ह्या मुलीचे छायाचित्र हवे असलेल्या फिशर यांनी १९४९ मध्ये कॅमेऱ्याच्या झडपेशी एकाच क्षणी उजळणारा फ्लॅश तयार केला. ‘आग्फा’ या कंपनीने तो स्वीकारला आणि कार्यशाळेला स्थैर्य लाभले.

१९५८ मध्ये त्यांचे सर्वांत प्रसिद्ध संशोधन साकारले. भिंतीतील छिद्रात बसवायचे प्लग त्यापूर्वीही होते. लाकडी गुटके, ताग वा धातू यांचा वापर होत असे. परंतु लाकूड आकसते, धातू गंजतो आणि स्क्रूबरोबर प्लगही फिरू लागतो. फिशर यांनी नायलॉन निवडले. प्लगचा पुढील भाग मधोमध चिरलेला, बाहेरून दातेरी आणि बाजूंना फिरणे रोखणाऱ्या जिभा, अशी त्याची रचना होती. स्क्रू आत शिरताच दोन्ही भाग फाकतात, छिद्राच्या कडांवर दाबले जातात आणि त्या दाबातून उपजणारे घर्षण भार पेलते. कोणताही गोंद वा सिमेंट त्यासाठी लागत नाही.

१९६० च्या दशकात ग्राहकांच्या मुलांसाठी भेट म्हणून तयार केलेल्या जोडणी-संचातून ‘फिशरटेक्निक’ हे शैक्षणिक खेळणे जन्मले. तुटलेली हाडे जोडण्यासाठीही त्यांनी प्लग तयार केले. त्यांच्या नावावर १,१०० हून अधिक पेटंट नोंदवली गेली. २०१४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने त्यांना जीवनगौरव पुरस्काराने सन्मानित केले.

२७ जानेवारी २०१६ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. युद्धाने घरे पाडलेली पाहिलेल्या या माणसाचे काम आज असंख्य घरांच्या भिंतींत दडलेले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, मात्र त्यावर टांगलेला भार निश्चिंत असतो.