पंडिता रमाबाई : रोजच्या शास्त्रवाचनाने घडलेले आयुष्य



पंडिता रमाबाईंवर निबंध लिहायला सांगितला की मुलं ठरलेल्या चार गोष्टी लिहितात : संस्कृत पंडिता, शारदा सदन, दुष्काळातल्या मुली, केडगावचं मुक्ती मिशन. ते सगळं बरोबरच आहे. पण त्यांच्या आयुष्यात लहानपणापासून शेवटच्या दिवसापर्यंत एक गोष्ट सुटली नाही, ती म्हणजे शास्त्रवाचन. आज त्यांचं चरित्र त्या बाजूने बघू या.

असं करायला कारण आहे. आमच्या हुपरीत आणि आसपास कुठे ज्ञानेश्वरीचं पारायण असतं, कुठे जैन घरात स्वाध्याय असतो, कोल्हापूर-मिरजेकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत रोज बायबलचा एखादा अध्याय वाचतात. ग्रंथ वेगवेगळे, पण तक्रार मात्र एकच ऐकू येते : वाचन रोज होतं, हाताला काही लागत नाही. मुलं तर पान कधी संपतंय याचीच वाट बघतात.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना स्वकीयांचा विरोध सोसावा लागला, तरी लक्ष्मीबाईंचं शिक्षण त्यांनी थांबवलं नाही. पुढे घर मोडलं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला लागलं. देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्यावर आईने त्यांना शिकवायला घेतलं आणि पंधराव्या वर्षापर्यंत शिकवलं. दिवसभर कामाचा रगाडा, म्हणून पाठ असायचा पहाटे, उजाडायच्या आत. भागवताचे 18,000 श्लोक त्यांना मुखोद्गत होते, असं सांगतात.

पाठांतर तर त्या काळी पुष्कळ मुलांचं व्हायचं. लक्ष्मीबाईंनी त्याच्या पुढचं एक काम केलं. आपण नसलो तरी पोरीला पुढचं स्वतःचं स्वतः वाचता आलं पाहिजे, अशी तयारी तिच्याकडून करून घेतली. शिक्षक म्हणून मला ही माउली फार मोठी वाटते. तिच्यावर स्वतंत्र पाठ असायला हवा!

ती तयारी लवकरच कामी आली. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, मग बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशी-तापाशी देशभर पायी हिंडले आणि 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हातात वेद दिले आणि वाचायचा आग्रह केला. बाईने वेद वाचायचे नाहीत असं लहानपणापासून ऐकलेलं, तरीही त्यांनी ते वाचायला घेतले. धर्मशास्त्रंही वाचली. पाठ असलेल्या ग्रंथांना त्या आता प्रश्न विचारू लागल्या : यात बाईबद्दल काय म्हटलंय? शूद्राबद्दल काय म्हटलंय? उत्तरं मिळाली ती मनाला टोचणारी होती.

कलकत्त्यातच ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिलं होतं. एवढी मोठी पंडिता, पण ते पुस्तक काही त्यांच्या गळी उतरलं नाही. त्यातलं संस्कृत त्यांच्या ओळखीचं नव्हतं, सांगणंही परकं वाटलं. हे वाचणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं त्यांचं मत झालं. पुढे भाऊ वारला, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि सिल्चरच्या घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. ती मात्र त्यांनी आवडीने वाचली. बायबल तेच, वाचणारी बाई तीच, फक्त भाषा रोजच्या बोलण्याजवळची. हा फरक त्यांच्या मनात कुठेतरी राहिला असावा, असं मला पुढचा इतिहास पाहून वाटतं.

1882 च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला. मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली. या धावपळीतही त्या मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाईंकडून इंग्रजी शिकत होत्या आणि त्यांच्यासोबत मराठी नवा करार वाचत होत्या. नेहेम्या गोरे यांच्याशीही त्यांची चर्चा चालायची. म्हणजे एकटीने वाचायचं आणि कुणाबरोबर तरी बसूनही वाचायचं, असं दोन्ही चालू होतं.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅम इथे नेलं. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे जवळ केलं जात होतं. हे लोक असं का करतात, या रमाबाईंच्या प्रश्नावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट. हाच अध्याय नुसता घरी वाचला असता तर काय झालं असतं कोण जाणे. डोळ्यांपुढे त्या बायका होत्या आणि कानावर ती गोष्ट पडत होती, म्हणून ती काळजात उतरली. 29 सप्टेंबर 1883 ला मनोरमासह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे पुष्कळ निबंध पटकन पुढे सरकतात. आपण थोडं थांबू या, कारण खरी ओढाताण इथून पुढची आहे. या निर्णयाने महाराष्ट्रातली बरीच माणसं त्यांच्यावर रागावली. आणि ज्यांच्या धर्मात त्या गेल्या, त्यांनाही त्या सोयीच्या वाटल्या नाहीत! चर्चने सांगितलं ते सगळं मान्य करावं, ही सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा. रमाबाई पत्रांतून वाद घालायच्या. एका पुरोहितशाहीतून सुटलेली बाई दुसरीच्या हाताखाली जाणार नव्हती. पुस्तक मी स्वतः वाचणार आणि पटेल ते घेणार, अशी त्यांची भूमिका होती. आणखी एक गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. मग त्यांनी बायबल पुन्हा नव्याने वाचायला घेतलं. विद्वान म्हणून नाव झाल्यावर असं स्वतःशी कबूल करणं सोपं नाही.

तोपर्यंत त्या अमेरिका करून परत आल्या होत्या. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह झालेल्या गोदूबाई तिथल्याच विद्यार्थिनी. रमाबाई स्वतःच्या खोलीत रोज बायबल वाचून प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. 1893 साली यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी आधार देणारी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची बाजूही समजण्यासारखी आहे, संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या. रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही.

1896 पासूनच्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातमधून मुली, बायका आणल्या. 1900 च्या सुमारास केडगावच्या मुक्तीत जवळजवळ 2000 जणी होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकाच बघायच्या. मनोरमा अंध मुलींना ब्रेल शिकवायची. यातल्या बहुतेकींना अक्षराची ओळख नव्हती. त्यांना बायबल वाचून दाखवताना रमाबाईंच्या लक्षात आलं की प्रचलित मराठी भाषांतर संस्कृत शब्दांनी जड झालेलं आहे, खेड्यातल्या बाईला ते अर्धंमुर्धंच कळतं.

मग त्यांनी ठरवलं, आपणच सोप्या मराठीत भाषांतर करायचं. तेही इंग्रजीवरून करायचं नव्हतं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून करायचं होतं. वय पंचेचाळीशीच्या पुढे, ऐकू येणं कमी झालेलं, शेकडो जणींच्या पोटापाण्याची काळजी रोज डोक्यावर. त्या वयात त्यांनी या दोन भाषांचा अभ्यास केला. आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं हे काम चाललं होतं. आता त्यांचं रोजचं वाचन कसं झालं असेल बघा. एक ओळ घ्यायची, मूळ शब्द काय ते बघायचं, इतर भाषांतरं ताडायची आणि मग विचार करायचा की कालपर्यंत शेतात राबणाऱ्या बाईला हे कुठल्या शब्दात सांगू? असं वाचलं की न कळलेला शब्द लपवता येत नाही. वर्गात किंवा घरी हे करून बघा. मुलाला अख्खा अध्याय वाचायला लावू नका. चार ओळी द्या आणि म्हणा, आज्जीला कळेल असं सांग बघू. चांदी आटवल्यावर खोट वर येते हे आमच्या गावात पोरांना शिकवावं लागत नाही. इथेही तसंच होतं, कुठे अर्थ लागला नाही ते लगेच वर येतं.

हे भाषांतर सर्वांना रुचलं असं नाही. मुळाला इतकं चिकटून राहिल्यामुळे काही वाक्यं अवघड वाटतात, आणि चर्चमध्ये रोजच्या वाचनात बायबल सोसायटीचंच भाषांतर राहिलं. सोप्या भाषेसाठी एवढा जीव टाकूनही असं व्हावं, याची हळहळ वाटते.

24 जुलै 1921 ला मनोरमा गेली. जिच्या भरवशावर पुढचं सगळं सोपवायचं होतं तीच आधी गेली. रमाबाई स्वतः आजारी, तरी मुद्रितं तपासत राहिल्या. हातातलं काम संपेपर्यंत थोडे दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली आणि शेवटची पानं तपासून झाल्यावरच डोळे मिटले, असं मुक्तीत सांगतात. तारीख होती 5 एप्रिल 1922. संपूर्ण ग्रंथ 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायकांना अक्षर ओळखायला मुक्तीतच शिकवलं होतं.