रक्ताचा रंग एकच : डॉ. चार्ल्स ड्रू

गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी रक्तदान या विषयावर बोलले. भाषणाचा शेवट परिणामकारक व्हावा म्हणून मी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत रक्तपेढीचे शास्त्र उभे करणारे कृष्णवर्णीय डॉक्टर चार्ल्स ड्रू मोटार अपघातात सापडले. गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्यांना दारातूनच परत पाठवले, आणि ज्यांनी हजारोंसाठी रक्त जमवले ते स्वतः मात्र रक्तावाचून गेले, अशी ती गोष्ट. सभागृह क्षणभर सुन्न झाले. मला दुसरे बक्षीस मिळाले.

पुढे ग्रंथालयात ड्रू यांच्याविषयी सविस्तर वाचावयास घेतले, तेव्हा कळले की ती गोष्ट खोटी आहे. ऐकीव गोष्ट मी पारखून न घेता शेकडो श्रोत्यांच्या गळी उतरवली होती. बक्षीस परत करण्याची सोय नव्हती. म्हणून आपल्या वार्षिकाच्या पानांवर या माणसाची खरी हकीकत लिहून ते ऋण फेडावे असे ठरवले. खरी हकीकत मला त्या खोट्या शेवटापेक्षा मोठी वाटते.

चार्ल्स रिचर्ड ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. वडील गालिचे अंथरण्याचे काम करीत. आईने शिक्षिकेचे शिक्षण घेतले होते. पाच भावंडांत चार्ल्स थोरले. लहानपणी त्यांनी वर्तमानपत्रे विकली. घर गरीब नव्हे, पण प्रत्येक नाणे मोजून खर्चणारे. १९२० साली त्यांची बहीण एल्सी आजारपणात दगावली. क्षयाने पोखरलेल्या तिच्या शरीराला इन्फ्लुएन्झाची साथ झेपली नाही. घरातल्या या मृत्यूने वैद्यकाचे बीज त्यांच्या मनात पडले असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

पण तरुणपणी लोक त्यांना ओळखत ते खेळाडू म्हणून. अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात फुटबॉल आणि धावण्याच्या शर्यती त्यांनी गाजवल्या. १९२६ साली पदवी मिळाली, परंतु वैद्यकीय शिक्षणासाठी हाताशी पैसा नव्हता. तेव्हा बाल्टिमोरच्या मॉर्गन महाविद्यालयात दोन वर्षे त्यांनी क्रीडाशिक्षक व जीवशास्त्राचे अध्यापक म्हणून नोकरी केली आणि पैसे साठवले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने त्यांना वैद्यकीय शाखेत प्रवेश नाकारला. कारण काय, तर इंग्रजी विषयाचे शिक्षण नियमापेक्षा थोडे कमी पडले. आपणा कला शाखेच्या मंडळींना याची गंमत वाटेल. पुढे त्याच विद्यापीठात ते शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले!

१९२८ साली ते कॅनडातील माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना जॉन बीटी नावाचे ब्रिटिश अध्यापक भेटले. बीटींच्या सहवासात ड्रू यांना रक्त संक्रमणाच्या प्रश्नाची गोडी लागली. १९३३ साली ते डॉक्टर झाले. १९३५ मध्ये वडील वारले आणि ते वॉशिंग्टनला परतून हॉवर्डमध्ये शिकवू लागले.

त्या काळी रक्त देण्याची अडचण काय होती, हे समजून घेतल्याशिवाय ड्रू यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली प्रसिद्ध केला होता. सायट्रेट मिसळल्यास रक्त गोठत नाही हे १९१४-१५ च्या सुमारास कळले होते. १९३७ साली शिकागोत डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रुग्णालयात रक्तपेढीही उघडली. तरीही साठवलेले रक्त थोड्याच दिवसांत खराब होई. लाल पेशी फुटत, त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर झिरपे, आणि तसे रक्त देणे धोक्याचे ठरे.

१९३८ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन ड्रू न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. डॉ. जॉन स्कडर यांच्याबरोबर त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. रक्त किती थंड ठेवावे, हलवल्यास काय होते, बाटलीचा आकार कसा असावा, कोणत्या द्रावणात ते अधिक टिकते, अशा वरकरणी क्षुल्लक गोष्टी त्यांनी चिकाटीने तपासल्या. ऑगस्ट १९३९ मध्ये प्रेस्बिटेरियन रुग्णालयात प्रायोगिक रक्तपेढी सुरू झाली. याच विषयावरील प्रबंधासाठी १९४० साली कोलंबियाने त्यांना वैद्यकातील डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. दरम्यान लेनोर रॉबिन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. पहिल्या मुलीला घरात बीबी म्हणत. ब्लड बँकेची आद्याक्षरेच ती!

ड्रू यांनी विशेष भर दिला तो प्लाझ्मावर. रक्तातील पेशी खाली बसू दिल्या की वर फिकट पिवळा द्रव उरतो, तो प्लाझ्मा. रक्तस्रावाने वा भाजल्याने माणूस कोसळतो तेव्हा रक्तवाहिन्यांतील द्रव कमी पडलेला असतो. प्लाझ्मा दिल्यास ती तूट भरून निघते आणि वेळ हाती राहतो. शिवाय तो पूर्ण रक्तापेक्षा जास्त टिकतो व दूरच्या प्रवासाला सोसतो.

याची कसोटी लवकरच लागली. १९४० साली इंग्लंडवर जर्मन बाँब पडू लागले. न्यूयॉर्कमधून इंग्लंडसाठी प्लाझ्मा पाठवण्याची मोहीम निघाली आणि तिच्या वैद्यकीय कामाची सूत्रे ड्रू यांच्याकडे आली. अनेक रुग्णालयांत रक्त गोळा करायचे, म्हणजे प्रत्येकाची रीत वेगळी. कुठे जंतूंचा शिरकाव झाला की सारा साठा वाया. ड्रू यांनी सर्वांना एकच पद्धत घालून दिली : रक्त कसे घ्यावे, प्लाझ्मा कसा काढावा, जंतूंसाठी कितीदा तपासावे. जानेवारी १९४१ पर्यंत सुमारे १५ हजार लोकांनी रक्त दिले आणि ५ हजार लिटरहून अधिक प्लाझ्मा जमला. पाठोपाठ रेडक्रॉसच्या न्यूयॉर्कमधील प्रायोगिक रक्तपेढीचे कामही त्यांनी पाहिले. रक्त घेण्यासाठी फिरत्या गाड्या तेथे वापरल्या गेल्या. आज आपल्या महाविद्यालयांच्या फाटकात रक्तपेढीची गाडी उभी राहते, तेव्हा तिची ही थोरली बहीण आठवावी.

यानंतरचा भाग वाचताना मन विषण्ण होते. १९४१ मध्ये अमेरिकेच्या सैन्यासाठी देशभर रक्त गोळा होऊ लागले, त्यात कृष्णवर्णीयांचे रक्त घेण्यास नकार दिला गेला. म्हणजे ज्यांनी ही पद्धत बसवली, त्या ड्रू यांचेच रक्त नामंजूर! ओरड झाल्यावर जानेवारी १९४२ पासून ते घेण्याचे ठरले, पण वेगळे साठवण्याच्या अटीवर. माणसाच्या रक्तावरून त्याचा वर्ण ओळखता येत नाही, या भेदाला शास्त्राचा कसलाही आधार नाही, हे ड्रू यांनी जाहीरपणे सांगितले. याच्या निषेधार्थ त्यांनी राजीनामा दिला असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. तेही खरे नाही. हॉवर्डमध्ये शिकवायला परतण्याचे त्यांचे आधीच ठरले होते व १९४१ च्या वसंतात ते परतलेही होते. रेडक्रॉसने रक्तावर वर्णाची नोंद करणे थांबवले ते १९५० साली, आणि लुइझियाना राज्यातील तसा कायदा तर १९७२ पर्यंत टिकला.

महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या महाराष्ट्रातील वाचकाला यात परके काय वाटावे? तेथे प्रश्न पाण्याचा होता, येथे रक्ताचा; मनाचा रोग एकच.

हॉवर्डमध्ये आणि मुक्त झालेल्या गुलामांसाठी निघालेल्या फ्रीडमेन्स रुग्णालयात ड्रू यांनी उरलेली नऊ वर्षे काढली. कृष्णवर्णीय तरुणांना उत्तम शल्यचिकित्सक बनवायचे, हे त्यांनी आपले मुख्य काम मानले. अमेरिकन शल्यचिकित्सा मंडळाचे ते पहिले कृष्णवर्णीय परीक्षक होते. १९४४ साली त्यांना स्पिंगार्न पदक मिळाले. मात्र अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखेने त्यांना सभासद करून घेतले नाही ते नाहीच.

१ एप्रिल १९५० रोजी तीन सहकाऱ्यांसह ते टस्कीगी येथील वार्षिक मोफत वैद्यकीय शिबिराला मोटारीने निघाले होते. आदल्या दिवशीच्या कामाचा थकवा, रात्रभरचा प्रवास आणि चाक त्यांच्याच हाती. नॉर्थ कॅरोलिनात बर्लिंग्टनजवळ सकाळी त्यांना डुलकी लागली आणि गाडी उलटली. जवळच्या अ‍ॅलामान्स जनरल रुग्णालयात गोऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर ताबडतोब उपचार केले. बरोबरच्या डॉक्टरांनीही पुढे हेच सांगितले. इजाच इतक्या जबर होत्या की इलाज चालला नाही. ते अवघे ४५ वर्षांचे होते.

मग ती खोटी गोष्ट इतकी का पसरली? त्याच वर्षी डिसेंबरात, त्याच भागात अपघातात सापडलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मोठ्या रुग्णालयाने खाट नाही म्हणून परत पाठवले आणि तो दगावला. अशा अनामिकांचे दुःख लोकांनी ड्रू यांच्या नावावर जमा केले असावे. पण त्यामुळे ज्या डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याची शर्थ केली, त्यांच्यावर अन्याय झाला. त्या अन्यायात माझाही थोडा वाटा आहे.

आता माझी दुसरी कबुली. ते भाषण केले तोवर मी स्वतः एकदाही रक्त दिले नव्हते. या वर्षी महाविद्यालयातील शिबिरात रांगेत उभी राहिले. बोटाला टोचून तपासले तर हिमोग्लोबिन ११.२ निघाले, किमान १२.५ हवे. मला परत पाठवले, आणि मी चक्क रडले. आपल्यापैकी कितीतरी मुलींची हीच कथा आहे, आणि ती लपवण्यासारखी नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेतल्या. आईने मेथी, अळीव, नाचणी, खजूर यांचा मारा केला. रक्त दिल्याने अशक्तपणा येतो म्हणणारी हीच आई! पाच महिन्यांनी काटा १२.८ वर गेला आणि मी ३५० मिलिलिटर रक्त दिले. सारे काम दहा मिनिटांत आटोपले; नंतर चहा आणि बिस्किटे.

मुंबईत लीला मुळगावकर यांनी १९५४ पासून स्वेच्छा रक्तदानाची चळवळ रुजवली. पैसे घेऊन रक्त विकण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. म्हणजे आज रुग्णाची सारी भिस्त आपल्यासारख्यांवर आहे. रक्त कारखान्यात तयार होत नाही. लाल पेशी सुमारे ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. म्हणून एकदा दिले की झाले असे होत नाही. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते.

माझी पिशवी नेली तेव्हा मी तिच्यावरची चिठ्ठी पाहिली. क्रमांक, तारीख आणि रक्तगट. नाव नाही, जात नाही, धर्म नाही. ती चिठ्ठी इतकी कोरी व्हावी यासाठी एका माणसाला आणि त्याच्या समाजाला किती सोसावे लागले, हे मला आता ठाऊक होते. पुढच्या शिबिरात माझ्यामागे रांगेत उभे राहा, एवढेच या लेखाचे मागणे.